कपाटातली सहा पाकिटं

पत्र: माझी मुलगी गेल्या श्रावणात अठरा पूर्ण झाली. बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे. अजून पाळी आलेली नाही. बाकी अंगाने नीट भरलेली आहे, पोटात कधी दुखत नाही. 'आमच्याकडे उशिराच येते' म्हणून सोळाव्या वर्षापर्यंत थांबलो. मग काढे झाले, गोळ्यांचे तीन कोर्स झाले, देवीला ओटी बोलून झाली. दिवाळीनंतर जिल्ह्याच्या गावी सोनोग्राफी केली. त्यात पिशवी दिसत नाही, खालचा मार्ग नाही आणि उजवी किडनी जागेवर दिसत नाही असं आलं. डॉक्टर म्हणाले, लग्न ठरलं की दोन महिने आधी आणा, ऑपरेशन करून मार्ग तयार करून देऊ. मुलीला आम्ही 'पिशवी लहान आहे' एवढंच सांगितलंय. नणंदेने एक स्थळ आणलंय, त्यांना वैशाखात लग्न उरकायचंय. सासूबाई म्हणतात, ऑपरेशन गुपचूप करा, मुलाकडे अवाक्षर काढू नका. एकदा तर त्यांनी विचारलं, ही मुलगीच आहे ना? मला झोप लागत नाही. आणखी एक. परवा कपाट आवरताना तिच्या ड्रेसखाली पॅडची सहा पाकिटं सापडली. एकही फोडलेलं नाही. हे काय असेल?
— एक आई (गाव छापू नये)

ताई,

शेवटापासून सुरुवात करते, कारण तुमच्या पत्रात मला सगळ्यात महत्त्वाचं तेच वाटलं.

ती पाकिटं ती दर महिन्याला दुकानातून आणते. मैत्रिणींसोबत जाते, त्या घेतात म्हणून हीही घेते. कुणी विचारलं तर बॅगेत पाकीट असावं लागतं ना! मी सरकारी रुग्णालयात तीस वर्षं स्त्रीरोग विभागात काढली, आणि अशा मुली पुष्कळ पाहिल्या. हॉस्टेलमधली एक तर चार दिवस देवघराकडे जायची नाही, डोकं दुखतंय म्हणून पडून राहायची, तारखा वहीत लिहून ठेवायची. म्हणजे पुढच्या महिन्यात चूक नको. तुमच्या मुलीला पूर्ण कळलेलं नसेल, पण काहीतरी मोठं आहे आणि घरचे ते लपवताहेत, एवढं तिला नक्की कळलंय. सायन्सची मुलगी आहे, हातात मोबाइल आहे. 'पिशवी लहान आहे' यावर तिचा विश्वास बसला असता, तर सहावं पाकीट आलं नसतं.

म्हणून पहिलं काम ऑपरेशनचं नाही. तिला सांगण्याचं आहे. कसं, ते पुढे लिहिते. आधी नेमकं काय झालंय ते तुम्ही समजून घ्या.

तुम्ही कळवलेल्या खुणांवरून हा प्रकार बहुधा तोच आहे ज्याला डॉक्टर एमआरकेएच म्हणतात. मायर, रोकिटान्स्की, क्युस्टर, हाउझर अशा चौघांची ही आद्याक्षरं. त्यातल्या मायरने हे १८२९ साली लिहून ठेवलं, म्हणजे आजार काही नव्या जमान्यातला नव्हे. गर्भ पहिल्या दोन-तीन महिन्यांचा असताना दोन बारीक नळ्या एकमेकींना मिळतात आणि त्यांतून पिशवी आणि योनीमार्गाचा वरचा भाग घडतो. या मुलींमध्ये ती घडण अर्धवट राहते. किडनीही त्याच सुमारास, त्याच शेजारात घडत असते. म्हणून कितीतरी जणींची एक किडनी नसते किंवा भलत्या जागी, खाली ओटीपोटात असते. तुमच्या रिपोर्टमधली ती किडनीची ओळ म्हणजे दुसरं संकट नव्हे, त्याच गोष्टीचा भाग आहे. एका किडनीवर माणूस आयुष्य काढतो. फक्त किडनी एकच आहे हे प्रत्येक डॉक्टरला सांगायचं, वर्षातून एकदा ब्लडप्रेशर बघायचं आणि दुखलं की लगेच पेनकिलर, ही सवय लावायची नाही.

अंडाशय वेगळ्या मुळातून तयार होतात, त्यामुळे ते असतात आणि आपलं काम करत असतात. म्हणून तर ती अंगाने भरली. म्हणूनच पाळी 'आणण्याच्या' गोळ्यांचा आणि काढ्यांचा काही उपयोग नव्हता. रक्त जिथून यायचं ते अस्तरच नाही, तर गोळी काय आणणार? त्या आता बंद करा.

आणि तुम्ही विचारलं नाहीत, पण प्रत्येक आई मनात विचारते: माझं काय चुकलं? ग्रहणात भाजी चिरली, पाचव्या महिन्यात प्रवास केला, डोहाळे पुरवले नाहीत. यातल्या कशाचाही संबंध नाही. साधारण साडेचार ते पाच हजार मुलींमागे एकीला हे असतं. अडीच लाख वस्तीचा तालुका धरला, तर त्यात अशा पंचवीसेक बायका-मुली असणार. तुमच्या एसटी स्टँडवर रोज त्यातली एखादी तुमच्या शेजारून जात असेल. कुणी बोलत नाही, म्हणून प्रत्येक घराला वाटतं की आपणच एकटे.

आता सासूबाईंचा प्रश्न. वय झालेल्या बाईंच्या तोंडून तो आला, तुम्हाला लागला, पण त्याला उत्तर आहे. एमआरकेएच असलेल्या मुलींची गुणसूत्रं इतर मुलींसारखीच, एक्स-एक्स असतात. मात्र याच्यासारखाच दिसणारा एक वेगळा प्रकार आहे. त्यात गुणसूत्रं एक्स-वाय असतात, शरीर पुरुषी हार्मोनला दादच देत नाही, आणि बाहेरून मुलगी पूर्ण मुलगीच दिसते. छाती येते, काखेतले आणि खालचे केस मात्र फार विरळ असतात. त्यात पोटात अंडाशयाऐवजी दुसऱ्या ग्रंथी असतात आणि उपचार थोडे निराळे असतात. म्हणून गुणसूत्रांची रक्ततपासणी झाल्याशिवाय कुणालाही ऑपरेशनला हो म्हणू नका. तुमच्या पत्रात त्या तपासणीचा उल्लेख नाही. रिपोर्ट काहीही आला तरी अठरा वर्षं जिला वाढवली ती तुमची मुलगीच आहे, हे सासूबाईंना तुमच्या भाषेत सांगा. मी सांगायला गेले तर जरा जोरात सांगेन.

दुसरी तपासणी एमआरआयची. सोनोग्राफीत पुष्कळदा अंडाशय दिसत नाहीत कारण ते नेहमीच्या जागेपेक्षा वर असतात. किडनी कुठे आहे तेही एमआरआयमध्ये नीट कळतं. किडनी ओटीपोटात असेल तर ऑपरेशन करणाऱ्याला ते आधी माहीत असलंच पाहिजे. पिशवीचा एखादा छोटा अंकुर राहिलेला असतो, तोही दिसतो. तिला दर महिन्याला पोटात कळा येत असत्या तर मी हे पत्र बाजूला ठेवून तुम्हाला उद्याच दवाखान्यात जा म्हणाले असते. कारण मग आत रक्त साचतंय आणि मार्गात नुसता पडदा आहे, असंही असू शकतं. त्याचा इलाज अगदी वेगळा आणि तातडीचा. तिला तसं काही नाही, हे बरं.

आता ऑपरेशन. 'मार्ग तयार करून देऊ' हे वाक्य ऐकायला फार सोपं आहे. पाइपलाइन टाकून देतो म्हणावं तसं. तसं ते नसतं.

सगळ्यात आधी हे ऐका की बहुतेक मुलींना ऑपरेशन लागतच नाही. अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ साली दिलेल्या सल्ल्यात डायलेटरला, म्हणजे दाब देऊन मार्ग ताणणाऱ्या कांडीला, पहिली पसंती आहे, आणि नीट शिकवून केलं तर शंभरातल्या नव्वदांहून जास्त जणींना त्याने पुरतं, असं त्यात म्हटलंय. ही काही काल निघालेली युक्ती नव्हे. फ्रँक नावाच्या डॉक्टरने ती १९३८ सालीच मांडली होती. बोटाएवढ्या जाडीपासून चढत्या मापाच्या गुळगुळीत कांड्या असतात, प्लॅस्टिकच्या किंवा सिलिकॉनच्या. योनीच्या जागी या मुलींना एक खळगा असतो. अंथरुणावर पाठीवर पडायचं, गुडघे मोकळे सोडायचे, कांडीला जेल लावायची आणि त्या खळग्यात किंचित मागच्या, पाठीच्या दिशेने हलका दाब देत दहा ते तीस मिनिटं धरायची. दिवसातून एकदा ते तीनदा. दाब जाणवला पाहिजे, दुखता कामा नये. तिथली कातडी दाबाने ताणत जाते आणि काही महिन्यांत मार्ग होतो. दिशा चुकली तर लघवीच्या जागी दाब बसतो, म्हणून पहिल्यांदा डॉक्टरीणबाईंकडून किंवा जाणत्या सिस्टरकडून आरसा धरून शिकून घ्यायचं. यूट्यूबवरून नाही.

इथे तुमच्या मनात काय आलं असेल ते मला माहीत आहे. लग्नाआधी मुलीने हे करायचं? माझ्या ओपीडीत कितीतरी आया इथे उठून गेल्या. भूल चालते, सुरी चालते, मांडीची कातडी काढलेली चालते. पण मुलीने स्वतःच्या अंगाला स्वतः हात लावलेला चालत नाही. मला याचं अजून नवल वाटतं. कांडीने 'काही बिघडत' नाही ताई. जे नाहीच आहे ते बिघडणार कसं?

डायलेटरने जमलं नाही, किंवा मुलीने सगळं समजून घेऊन ऑपरेशनच हवं म्हटलं, तर मग त्याचे प्रकार आहेत. सगळ्यात जुना आणि आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी होणारा मॅकिंडोचा. हा तोच मॅकिंडो, ज्याने दुसऱ्या महायुद्धात विमानात भाजलेल्या वैमानिकांचे चेहरे कातडी लावून पुन्हा उभे केले. लघवीची पिशवी आणि गुदाशय यांच्या मधे जागा करायची, मांडीची किंवा नितंबाची पातळ कातडी काढून एका साच्यावर गुंडाळायची आणि तो साचा आत बसवायचा. साचा म्हणजे काय, आमच्या वेळी निर्जंतुक स्पंजचा तुकडा कापून, आकार देऊन त्यावर निरोध चढवायचे. मी स्वतः कात्रीने असे कितीतरी कापलेत. कातडीच्या जागी वारेच्या पिशवीचं पातळ आवरणही आपल्याकडे वापरतात. म्हणजे मांडीवर व्रण राहत नाही. ऑपरेशननंतर आठवडाभर मुलगी पलंगावर, लघवीला नळी, साचा आत शिवलेला. आठ दिवसांनी तो काढून बघायचं. आणि मग खरं काम सुरू होतं: काही महिने साचा रात्रंदिवस आत ठेवायचा, धुवायचा, पुन्हा घालायचा, नंतर बरेच महिने रात्री. कंटाळा केला की कातडी आवळते आणि सगळं मिटतं.

इथे माझीच एक चूक सांगते. मी नवीन होते. एका मुलीला तिच्या आईवडिलांनी लग्नाच्या तीन आठवडे आधी आणलं. आमच्या वरिष्ठांनी ऑपरेशन केलं, मी मदतीला होते, टाके सुरेख बसले. साच्याचं मी तिच्या आईला समजावलं, मुलीला नाही. ती भिंतीकडे तोंड करून झोपली होती. हळदीच्या घरात, पाहुण्यांनी भरलेल्या दोन खोल्यांत ती साचा कुठे धुणार आणि कुठे वाळवणार, हे माझ्या डोक्यातही आलं नाही. वर्षाने ती परत आली, एकटी. मार्ग करंगळी जाईल एवढाही उरला नव्हता आणि आत सगळा व्रण होता. दुसऱ्यांदा करायचं तर पहिल्यापेक्षा अवघड. ती मला काही बोलली नाही. फक्त विचारलं, 'मॅडम, तेव्हा मला का नाही सांगितलं?'

म्हणून 'लग्नाच्या दोन महिने आधी' हा सल्ला मला मान्य नाही.

बाकीचे प्रकार थोडक्यात. इटलीतल्या वेक्किएत्ती यांच्या पद्धतीत खळग्यात ऑलिव्हच्या फळाएवढा मणी ठेवतात, त्याचे धागे पोटातून वर काढून एका यंत्राला बांधतात आणि रोज साधारण एक सेंटिमीटर ओढत नेतात. आठवड्यात मार्ग होतो; दुर्बिणीने करता येतं, पण ते आठ दिवस दुखतं आणि पुढे डायलेटर चुकत नाहीच. डाव्हिडोव्ह पद्धतीत पोटातलं आतलं आवरण खाली ओढून अस्तर करतात. आतड्याचा तुकडा वापरूनही मार्ग करतात. तो आवळत नाही, ओला राहतो, पण आतडं आपला चिकट स्राव सोडणारच, तेव्हा काही जणींना रोज पॅड लागतं, वासाचा त्रास होतो, आणि पोटाचं मोठं ऑपरेशन ते वेगळंच. तुम्हाला सांगितलेलं ऑपरेशन यातलं कुठलं, हे तुमच्या पत्रावरून कळत नाही. तुम्हालाही सांगितलेलं दिसत नाही. विचारा. आणि हेही विचारा की असं ऑपरेशन त्यांनी आजवर किती जणींचं केलं आणि वर्षाने त्यांतल्या किती जणी त्यांना दाखवायला आल्या. वर्षातून एक-दोन करणाऱ्याकडे जाण्यापेक्षा थोडं लांब, वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात जा. पैशाची अडचण असेल तर तिथे महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राच्या टेबलावर आधी चौकशी करा.

वैवाहिक सुखाबद्दल तुम्ही लाजून लिहिलं नाहीत. बाहेरची सगळी रचना तिची इतर बायकांसारखीच आहे, आणि जाणीव असते ती मुख्यतः तिथेच. तेव्हा सुख तिच्या वाट्याला नाही असं कुणी म्हणत असेल तर ते चूक आहे.

मूल. ती स्वतः गरोदर राहू शकणार नाही. हे वाक्य तिला एकदा ऐकावं लागेल आणि ती रडेल, रडू द्या. पण अंडाशय तिचे आहेत. सरोगसी म्हणजे दुसऱ्या स्त्रीच्या पोटात मूल वाढवणं; तिच्या २०२१च्या कायद्यात पिशवी नसणं हे मान्य कारण आहे. लग्न झालेली असावी, वय किमान २३ हवं आणि पैसे देऊन सरोगसी चालत नाही, एवढं आता लक्षात ठेवलं तरी पुरे. दत्तक आहेच. पिशवीचं रोपणही होतं. अशी पिशवी बसवलेल्या स्त्रीला जगातलं पहिलं मूल स्वीडनमध्ये २०१४ साली झालं, आणि ती आई जन्मतः बिनपिशवीचीच होती. भारतातलं पहिलं रोपण मे २०१७ मध्ये पुण्यात डॉ. शैलेश पुणतांबेकर यांच्या चमूने केलं. सोलापूरकडच्या मुलीला, तिच्या आईची पिशवी. पण ताई, हे वाचून उद्या आपली पिशवी द्यायला निघू नका. दोन माणसांची मोठी ऑपरेशनं, पुढे प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं, आणि मूल झालं की पिशवी पुन्हा काढायची. अठराव्या वर्षी हा विषय नाहीच.

राहिलं स्थळ. वैशाखाला नाही म्हणा. नणंदेला कारण द्यायची गरज नाही: 'ती शिकतेय, पदवी झाल्यावर बघू.' नातेवाइकांना आजार सांगायचा नसतो, त्यात लपवाछपवी नाही. पण ज्याच्याशी लग्न ठरेल त्याला साखरपुड्याआधी सांगायचंच, आणि ते मुलीनेच, तिच्या शब्दांत. हवं तर डॉक्टरसमोर. यात नीतीचा भाग आहे तसा कायद्याचाही. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १२ मध्ये महत्त्वाची गोष्ट लपवून लग्न लावलं, तर ते रद्द करून मागण्याचा हक्क दुसऱ्या बाजूला आहे, फसवणूक कळल्यापासून एक वर्षाच्या आत. कोर्टात तुमच्या मुलीच्या शरीराची चर्चा वकिलांनी करायची, हे सासूबाईंना चालेल का ते त्यांनाच विचारा. आणि कळूनही हो म्हणणारी मुलं असतात. मी अशा दोघांच्या लग्नात जेवून आलेय.

आता सांगायचं कसं. जेवण झाल्यावर, सगळे असताना नको. दोघीच असाल तेव्हा पाकिटांवरून सुरू करा, पण 'हे काय आहे?' असं नको, पकडल्यासारखं होईल. 'मी बघितली गं, आणि मला तुला आधीच सांगायला हवं होतं' एवढं म्हणा. मग रिपोर्ट तिच्या हातात द्या. तुम्ही वाचून दाखवू नका, तिलाच वाचू दे. अठरा पूर्ण आहे, ऑपरेशनच्या कागदावर सही तिचीच लागते. तुमची नाही आणि तिच्या वडिलांचीही नाही. आणि हे उत्तर तिला वाचायला द्या. पुढचा भाग तिच्यासाठीच लिहिलाय.

बाळ, तुला घाई नाही. वैशाख नाही, पुढचा वैशाखही नाही. पदवीनंतर, नोकरीला लागल्यावर, कधीतरी तुला स्वतःला वाटेल की आता बघू या, तेव्हा डायलेटरपासून सुरुवात कर. कधीच वाटलं नाही तरीही तुझी तब्येत त्याने बिघडत नाही. आता करायच्या दोनच गोष्टी: गुणसूत्रांचं रक्त आणि एमआरआय. दोन्हीचे रिपोर्ट तुझ्या नावाने तुझ्या फाइलमध्ये ठेव. तपासणीला एकटीने बोलायचं असेल तर डॉक्टरांना तसं सांगता येतं, त्याला कुणाची परवानगी लागत नाही. आणि एमआरआयला जाताना कानातलं, पैंजण, बांगड्या घरीच काढून ठेव. आत काही धातूचं चालत नाही. अर्धा-पाऊण तास हलायचं नसतं, यंत्र ठकठक आवाज करतं, कानाला लावायला मागून घे. आईला बाहेर बसवायचं की डॉक्टरांशी बोलताना आत घ्यायचं, ते तू ठरव.